ग्राइंडरचं गार्ड मी काढलं होतं

मी हे उजव्या हाताने लिहिते आहे. डावा हात मांडीवर ठेवला आहे. लिहिता लिहिता मधूनच त्याची बोटं दुमडायची, सोडायची, पुन्हा दुमडायची. व्यायाम आहे तो. दिवसातून इतक्या वेळा करायचा असतो, की कधी केला आणि कधी राहिला हे आता माझ्या लक्षातही राहत नाही. अकरा महिने झाले. मी थकले आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण आजारातून उठलेली माणसं फार उत्साहाने लिहितात असं मला वाटतं, आणि माझ्यात तो नाही.

तरी लिहिते आहे ते एका बाईमुळे. वर्ध्याजवळच्या सावंगीच्या दवाखान्यात, बोटांचे व्यायाम करून घेतात त्या खोलीबाहेरच्या बाकावर ती माझ्याशेजारी बसायची. तिचा अंगठा कडबा कुट्टीच्या मशीनमध्ये गेला होता. एक दिवस म्हणाली, "ताई, तुमाले लिहिता येते तं लिहून काढा ना. आमाले कोनी काईच सांगत नाई, पुढं काय होते ते."

पुढं काय होतं ते सांगते. पण त्याआधी काय झालं तेही सांगावं लागेल, आणि ते सांगायला मला जास्त जड जातं.

पेट्या

आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, सेलू तालुक्यात. माझे यजमान सुधाकर शेती पाहतात. मी आणि माझी धाकटी जाऊ शालू, आम्ही दोघी घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये मधपेट्या करतो. मधमाश्या पाळायच्या लाकडी पेट्या. आम्ही मुळात सुतार, पण आमच्या सासरी आजेसासऱ्यांच्या वेळीच रंधा सुटला आणि शेती आली. शालूच्या माहेरी, वडनेरला, तो सुटला नाही. तिचे वडील अजून सुतारकाम करतात, आणि शालू लहानपणापासून त्यांच्या हाताखाली वाढलेली. मशीन तिनेच आणल्या, मला तिनेच शिकवल्या.

तिचे नियम होते. पातं बदलायचं असेल तर नुसतं बटण बंद करून चालायचं नाही. बोर्डातून प्लग काढायचा आणि तो डोळ्यांसमोर टेबलावर ठेवायचा. पदर खोचायचा, बांगड्या काढायच्या, चष्मा लावायचा. फळी शिकंज्यात आवळायची, हाताने धरायची नाही. मला हसू यायचं. "तू तं देवपूजा मांडल्यासारखी करून राह्यली," मी म्हणायची. ती हसायची नाही. "माझे बाबा असेच करतात," एवढंच म्हणायची.

ती दुपार

लाकूड कापायची मशीन दुरुस्तीला वर्ध्याला दिली होती. दुसऱ्या दिवशी मिळणार होती. आठ फळ्या कापायच्या राहिल्या होत्या, आणि पेट्या न्यायला माणसं परवा येणार होती. सकाळीच यजमान म्हणून गेले होते, "दोघी दोघी लागल्या हायेत, तरी पेट्या काई होत नाई." ते मनात सलत होतं.

"उद्या मशीन येते ताई," शालू म्हणाली. "एक दिवस थांबा."

"हाव," मी म्हणाले. ती स्वयंपाकघरात भाकरी टाकायला गेली.

शेडमध्ये हातात धरून चालवायचा ग्राइंडर होता. लोखंड घासायला, कुठे खिळ्याचं टोक वर आलं तर ते उतरवायला आम्ही तो वापरायचो. त्याला मी लाकडाचं दातेरी पातं लावलं. पातं जरा मोठं होतं, वरच्या गार्डात, म्हणजे पात्यावरच्या लोखंडी झाकणात, बसेना. मी स्क्रू ढिला करून गार्ड काढलं. बाजूची मूठ आड येत होती, तीही काढली. फळी शिकंज्यात आवळायचा कंटाळा आला, म्हणून डाव्या हाताने दाबून धरली. यातलं एकही करायचं नसतं हे मला ठाऊक होतं. न कळून झालं, असं मला म्हणता येत नाही.

दोन फळ्या लोण्यासारख्या कापल्या गेल्या. तिसऱ्या फळीत गाठ होती. पातं गाठीत अडकलं आणि मशीन माझ्या हातातून उसळली. एका हाताने ती काय सावरणार? दुखलं नाही. खरंच सांगते, त्या क्षणी काही दुखलं नाही. डाव्या तळव्यापासून मनगटापर्यंत हात उघडा झालेला दिसला, आणि बोटं माझी नसल्यासारखी सरळ पडली होती.

ग्राइंडरचं बटण दाबून अडकवलेलं होतं. त्यामुळे खाली पडूनही तो चालूच राहिला, माझ्या पायाशी थाडथाड उड्या मारत. शालू पिठाच्या हातांनी धावत आली. ती माझ्याकडे आली नाही. आधी बोर्डाकडे गेली आणि प्लग ओढून काढला. मला त्याही अवस्थेत राग आला, की मी इथे अशी आणि ही मशीनकडे काय जाते. मशीन थांबल्यावर ती आली. वाळत घातलेलं स्वच्छ धोतर ओढून तिने हातावर घट्ट दाबून धरलं आणि हात डोक्याच्या वर उचलला.

"खाली पाहू नका ताई. माह्याकडं पाहा."

मी तिच्याकडे पाहत राहिले. तिच्या गालावर पीठ होतं.

एक प्रश्न

सेलूच्या सरकारी दवाखान्यात पट्टी बांधली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि ताबडतोब सावंगीला न्यायला सांगितलं. गाडीत माझ्या एका बाजूला यजमान, दुसऱ्या बाजूला सासूबाई. त्यांना आम्ही मामी म्हणतो. शालू पुढे ड्रायव्हरशेजारी बसली होती.

"झालं कसं पन?" यजमानांनी विचारलं.

"गार्ड नव्हतं," मी म्हणाले.

"कोनं काढलं?"

मी डोळे मिटले.

"शालूच असन," मामी म्हणाल्या. "मशीनीतलं तिलेच समजते. तिनंच हा नाद लावला घराले."

मी डोळे उघडले नाहीत. पुढच्या सीटवरूनही काही आवाज आला नाही. मी खोटं बोलले नाही, असं मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत होते. मी फक्त काही बोलले नाही.

वॉर्ड

ऑपरेशनला मला झोपवलं नाही, काखेत सुई देऊन हात बधिर केला. मध्ये हिरवा पडदा. पडद्यापलीकडे माझ्या हाताचं काम चाललं होतं आणि डॉक्टर एकमेकांशी हळू आवाजात बोलत होते, जसं आम्ही शेडमध्ये बोलतो, "जरा इकडे धर", "अजून थोडं ओढ". मला वाटलं, हीही कारागिरीच आहे.

नंतर डॉक्टरांनी समजावलं. "तीन बोटं वाकवणाऱ्या दोऱ्या तुटल्या होत्या, एक नसही. सगळं जोडलं आहे. पण जोडलेली दोरी जोराने ओढली तर तुटते, आणि अजिबात हलवली नाही तर आजूबाजूला चिकटून बसते. म्हणून रोज हलवायचं, पण आम्ही सांगू तेवढंच. सहा आठवडे या हाताने काहीही धरायचं नाही. रुमालसुद्धा नाही."

"आणि मग बरा होईल?"

"मग खरं काम सुरू होईल," ते म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते, म्हणून मला ते आवडले आणि त्यांची भीतीही वाटली.

वॉर्डात सकाळ लवकर होते. आधी झाडू, मग तापमान, मग गोळ्या, मग चहा, मग शिकणाऱ्या डॉक्टरांचा घोळका. एकजण वहीत पाहून माझी माहिती म्हणून दाखवायचा, "त्रेचाळीस वर्षांची गृहिणी." मला सांगावंसं वाटायचं की गृहिणी नाही हो, मी पेट्या करते. पण ते म्हणायला तोंड कुठे होतं? एक दिवस घोळका पुढे गेल्यावर त्यातली एक मुलगी मागे राहिली. तिने माझी उशी हाताखाली नीट सरकवली आणि विचारलं, "मावशी, तुम्ही काय बनवत होता?" मी मधपेटीबद्दल सांगायला लागले. खालचा पाट, चौकटी, माश्यांच्या येण्याजाण्याची फट. ती चांगली दहा मिनिटं उभी राहून ऐकत होती. त्या आठवड्यात मला एवढं एकच बरं वाटलं.

घरी

आजारपणात काय काय हातातून जातं, ते घरी आल्यावर कळतं. परकराची नाडी बांधता येत नाही. पेस्टचं टोपण उघडत नाही. भाकरी एका हाताने मोडायला गेलं तर ताटच फिरतं. हे सगळं शालूने केलं. आंघोळीला पाणी, प्लॅस्टिकची पिशवी हातावर बांधणं, साडी नेसवणं, वेणी. डॉक्टरांनी शिकवलं होतं तसं ती माझी बोटं रोज आपल्या हाताने हळूच वाकवायची आणि सोडायची.

आणि हे चालू असताना मामी ओसरीतून ऐकवायच्या. "आता करून काय फायदा? आधीच मशीन आनली नसती तं ही पाळीच आली नसती." यजमानांनी शेडला कुलूप लावलं. "बायकायनं मशीनी चालवनं बंद," म्हणाले. माझे दीर शालूशी, आपल्याच बायकोशी, धड बोलेनासे झाले.

वेणी घालताना शालूचा हात कधीकधी मध्येच थांबायचा. मी समोर भिंतीकडे पाहत बसायची. मग हात पुन्हा चालू व्हायचा.

मी का बोलले नाही? याची उत्तरं मी फार शोधली आहेत, आणि त्यातलं एकही चांगलं नाही. सगळे माझ्याकडे दयेने पाहत होते. गरम पाणी, मऊ भात, "दुखते का?" हे सगळं आटून जाईल अशी भीती होती. यजमान म्हणतील की तुझीच घाई नडली, याची भीती होती. आणि अजून एक. शेड बंद पडली ती शालूमुळे पडली, असं झालं तर माझी लाज वाचत होती. आजारी माणूस बिचारा असतो असं सगळे धरून चालतात. मी बिचारी नव्हते. मी त्या दिवसांत स्वार्थी होते.

चौथ्या आठवड्यात वडनेरहून शालूचे वडील मला भेटायला आले. चहा झाल्यावर त्यांनी शेडची किल्ली मागितली. मीही मागून गेले. ग्राइंडर कोपऱ्यात तसाच पडला होता. त्यांनी उचलला, उलटा करून पाहिला, खाली पडलेलं गार्ड हातात घेतलं.

"हे कोनं काढलं?"

"बाबा, राहू द्या," शालू म्हणाली.

ते तिच्याकडे पाहत राहिले. मग एकदा माझ्याकडे पाहिलं. त्यांनी दातेरी पातं काढलं, गार्ड जागेवर बसवून स्क्रू आवळला, मूठही लावली. जाताना मला म्हणाले, "हात जपा, बाई." आणि मामींना म्हणाले की पोरीला चार दिवस घेऊन जातो.

चार दिवसांचे पाच आठवडे झाले.

फिजिओथेरपी

हा भाग कोणी सांगत नाही, म्हणून सांगते. ऑपरेशन एका दिवसात होतं. हे संपत नाही.

आठवड्यातून तीन दिवस सेलूहून बसने वर्धा, तिथून ऑटोने सावंगी. आधी कोमट मेणात हात बुडवायचा. मग मळलेल्या कणकेसारखा मऊ गोळा दाबायचा. मग एका वाटीतले तुरीचे दाणे उचलून दुसऱ्या वाटीत टाकायचे. आयुष्यभर तूर निवडली, पाखडली. आता एक दाणा उचलायला घाम फुटत होता. बोटांच्या टोकांना कळतच नव्हतं की दाणा धरला आहे की सुटला आहे. डोळ्याने पाहावं लागायचं. नस हळूहळू वाढते, म्हणाले. किती हळू ते विचारायचं मी सोडून दिलं.

तर्जनी वळेना. आतून चिकटली होती. "घरी व्यायाम कोण करून घेतं?" तिथल्या मॅडमनी विचारलं.

"माझी जाऊ करून घ्यायची."

"मग त्यांना एकदा घेऊन या. मी नीट दाखवून देते. चांगलं करत होत्या त्या, आधीच्या आठवड्यांत फरक पडत होता."

"ती नाही आता."

"का? कुठे गेल्या?"

मला रडू फुटलं. बाकावरच्या बायका आत डोकावून पाहायला लागल्या. मॅडमना वाटलं फार दुखलं. त्यांनी माझा हात हळूच टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "आज राहू द्या, आज एवढंच."

बसमध्ये खिडकीशी बसून मी ठरवलं. ठरवलं म्हणजे काय, न बोलण्याचंच ओझं आता वाहवत नव्हतं.

बोलले

सगळे जेवायला बसले होते. मी उभीच होते.

"गार्ड म्या काढलं होतं," मी म्हणाले. "शालू तं तिथं नव्हतीच. ती मले थांबा म्हने. म्या ऐकलं नाई."

यजमानांचा घास हातातच राहिला. "मंग इतके दिस काऊन नाई सांगतलं?"

"हिंमत नाई झाली."

"हात दुखते म्हनून काईबाई बोलून राह्यली," मामी म्हणाल्या. "बस, भाकर खा."

"नाई मामी. तुमी गाडीत तिचं नाव घेतलं आनि म्या डोळे मिटून घेतले. म्या मुद्दाम मिटले."

दीर ताटावरून उठले. हात धुताना पाठमोरेच म्हणाले, "माह्या बायकोले म्या बी नाई नाई ते बोललो." आणि चपला घालून बाहेर गेले.

मला वाटलं होतं बोलल्यावर हलकं वाटेल. नाही वाटलं. फक्त झोप लागली, पुष्कळ दिवसांनी.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच वडनेरला गेले. तीन बस बदलल्या, हात झोळीत. शालू वडिलांच्या शेडमध्ये रंधा मारत होती. मला पाहून तिने रंधा थांबवला नाही.

"शालू, म्या घरी सांगतलं सगळं. गार्ड म्या काढलं म्हनून."

"हाव. काल फोन आलता तुमच्या दिराचा."

"तुले ठाऊक होतं ना?"

"मले नाई ठाऊक असनार तं कोनाले? म्या तं काढलं नव्हतं."

"मंग तू बोलली काऊन नाई?"

आता तिने रंधा खाली ठेवला. "तुमचा हात असा उघडा पडला होता ताई. तवा म्या काय म्हनाव, का हिनंच काढलं? तवा नाई बोलली, त्याचं मले काई वाटत नाई." तिने हाताला लागलेला भुसा झटकला. "पन घरी आल्यावर तुमी बोलान असं वाटे मले. रोज तुमची वेनी घालून राह्यली होती. रोज वाटे, आज बोलतीन."

मी म्हणाले, "चुकलं माझं."

माफ केलं असं ती म्हणाली नाही. अजूनही म्हणालेली नाही, आणि मी विचारलेलं नाही. ती आत गेली, पाणी आणलं. मी पाणी पीत असताना तिने झोळीतून माझा डावा हात बाहेर काढला, तर्जनी वाकवून पाहिली. बोट अर्ध्यावर अडलं.

"हे तं कोनी पाह्यलंच नाई वाटते," ती म्हणाली आणि तिथेच लाकडाच्या ढिगावर बसून व्यायाम करून घ्यायला लागली. दुखून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ती थांबली नाही. मीही थांब म्हणाले नाही.

आठ दिवसांनी दीर जाऊन तिला घेऊन आले. मामींनी तिला काही म्हटलं नाही, चांगलंही नाही.

आता

तर्जनी अजून पूर्ण वळत नाही. चिकटलेलं सोडवायला आणखी एक ऑपरेशन करता येईल, असं डॉक्टर म्हणतात. मी अजून हो म्हटलेलं नाही. थंडीत हात आखडतो. गरम भांडं लागलं तरी दोन बोटांना उशिरा कळतं, म्हणून चुलीपाशी मी त्यांना जपून असते. कपडे पिळता येतात. नाडी बांधता येते.

शेडची किल्ली यजमानांनी आपणहून आणून ठेवली. आता गावातल्या आणखी दोघीजणी पेट्या करायला शिकायला येतात. पहिल्या दिवशी शालू त्यांना मशीन दाखवते आणि मी हात दाखवते. त्या विचारतात, कसं झालं. मी सगळं सांगते, गार्ड कोणी काढलं तेही. ग्राइंडरला लाकडाचं पातं लावायचं नाही, मशीन अडली तर जोर करायचा नाही, दोन्ही हातांनी धरायची आणि दोन्ही हात पात्यापासून लांब. घाई असेल त्या दिवशी तर मशीनला हातच लावायचा नाही. एवढं सांगते. आणि हेही, की तरी काही झालंच तर पहिल्या दिवशी खरं बोला. नंतर फार जड होतं.

मी स्वतः मात्र मशीनला हात लावत नव्हते. खिळे ठोकायची, चौकटी घासायची, रंग द्यायची. मशीनचा आवाज सुरू झाला की मी काही कारण काढून घरात जायची. शालूने कधी विचारलं नाही.

परवा सकाळी ती म्हणाली, "ताई, आज एक फळी तुमी कापा."

"नाई जमनार मले."

"एकच. मी इथंच उभी हाओ."

लाकूड कापायची मशीन होती, गार्ड लावलेली. फळी शिकंज्यात तिने नाही, मीच आवळली. डाव्या हाताचा जोर पुरला नाही तेव्हा उजव्याने फिरवली. दोनदा हलवून पाहिली. चष्मा लावला, पदर खोचला. दोन्ही हातांनी मशीन धरली. डाव्या हाताची तर्जनी मुठीवर बसेना, बाकीच्या तीन बोटांनी धरली. बटण दाबलं. आवाज झाला आणि मी लगेच बटण सोडून दिलं. पातं पूर्ण थांबेपर्यंत दोघीही उभ्या राहिलो.

"पुन्हा," शालू म्हणाली.

दुसऱ्यांदा मी फळी कापली. एकच. कडा थोडी वाकडी आली. शालूने प्लग काढून टेबलावर ठेवला आणि मी भुश्यातच खाली बसले. वाटलं, दिवसभराचं काम या एका फळीत संपलं.

दारात मामी उभ्या होत्या. कधीच्या उभ्या होत्या कोण जाणे. त्या शेडमध्ये कधी पाऊल टाकत नाहीत. त्यांनी कापलेल्या फळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग शालूकडे.

"झालं असन तं या," त्या शालूला म्हणाल्या. "तुमा दोघीचा च्या मांडला."